मेल्यावर देव झालेले रोमन सम्राट: त्यांची नाणी जमवायची तर सुरुवात कुठून करावी?

पिंपळपान

नमस्कार मंडळी,

गेली पंधरा वर्षं मी शिवराई जमवतोय. रोमन नाण्यांच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. गेल्या महिन्यात मावसभाऊ जर्मनीहून आला आणि येताना माझ्यासाठी एक नाणं घेऊन आला. आपल्या रुपयापेक्षा लहान, सोनाराच्या काट्यावर २.३ ग्रॅम भरलं. एका बाजूला आखूड दाढीच्या माणसाचं मस्तक, डोक्यावर किरणांसारखी टोकं असलेला मुकुट. भोवतीची अक्षरं लावायला एक अख्खी संध्याकाळ गेली, कारण यूच्या जागी व्ही कोरलेला असतो हे मला माहीत नव्हतं. शेवटी लागलं: दिवो क्लाउदिओ, म्हणजे देव झालेल्या क्लॉडियसला. मागच्या बाजूला पंख अर्धवट उघडलेला, मान वळवून बघणारा गरुड आणि 'कॉन्सेक्रातिओ', म्हणजे देव म्हणून प्रतिष्ठापना. त्यातला शेवटचा ओ नाण्यावर मावलेलाच नाही, कडेबाहेर गेलाय.

हा दुसरा क्लॉडियस, क्लॉडियस गॉथिकस. इ.स. २७० मध्ये सिर्मियमला साथीच्या रोगाने गेला आणि सेनेटने ठराव करून त्याला देव केलं. म्हणजे माझ्या तळहातावर आहे ते त्याच्या मरणानंतरचं नाणं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आता ठरवलंय की फक्त असे देव झालेले सम्राट जमवायचे. खिसा मध्यमवर्गीय आहे. जाणकारांनी सांगावं, कुठून सुरुवात करू? आणि एक मत मांडतो, पटतंय का बघा. मला ही नाणी गेलेल्या माणसाला दिलेला निरोप वाटतात. आपण तेराव्याला फोटोला हार घालतो तसं काहीतरी.

---

सांजवात

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). विषय पूर्ण नवीन आहे, येऊ द्या.

---

टाकसाळ_२

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मराठीत या विषयावर चार माणसं बोलताना बघून बरं वाटलं.

पण निरोपाचं मत मला पटत नाही. नाणं मेलेला माणूस पाडत नाही, जिवंत माणूस पाडतो. त्यामुळे अशा नाण्याकडे बघताना पहिला प्रश्न 'हा कोण' असा नको, 'हे पाडलं कोणी आणि त्याला याचा काय उपयोग' असा हवा.

सुरुवातीपासून बघा. ज्युलियस सीझरचा खून इ.स.पूर्व ४४ च्या मार्चमध्ये झाला. जुलैत त्याच्या स्मरणार्थ खेळ चालू असताना आकाशात धूमकेतू दिसला, लोक म्हणाले हा सीझरचाच आत्मा. इ.स.पूर्व ४२ मध्ये सेनेटने त्याला अधिकृतपणे देव ठरवलं. यात सगळ्यात जास्त फायदा कोणाचा? जेमतेम वीस वर्षांच्या दत्तक मुलाचा, ऑक्टेव्हियनचा. हातात ना वय ना अनुभव, पण तो एका रात्रीत 'दिवी फिलियुस' झाला, म्हणजे देवाचा मुलगा. पुढे ऑगस्टस झाल्यावर त्याने इ.स.पूर्व १९-१८ च्या सुमारास जो दिनार (रोमन चांदीचं नाणं) पाडला, त्याच्या मागे आठ किरणांचा धूमकेतू आहे आणि त्यावर आडवं लिहिलंय 'दिवुस युलियुस'. पुढच्या बाजूला मात्र स्वतःचंच मस्तक!

तुमच्या क्लॉडियसचंही तेच. त्याच्यानंतर भाऊ क्विंटिलस गादीवर आला, त्याला ऑरेलियनने हटवलं. दोघांनाही 'आम्ही त्या देव झालेल्या सम्राटाचे वारस' हेच सांगायचं होतं. हा निरोप नाही, सातबाऱ्यावरची वारसनोंद आहे.

---

गोदातीर

टाकसाळ_२ यांच्याशी निम्मा सहमत. वारसनोंद असेल, पण वारसाला दुःख होत नाही असं थोडंच आहे?

पिंपळपान, तुमच्या शिवराईचंच बघा ना. महाराज गेले १६८० साली. पुढे पेशवाईभर आणि नंतरही ठिकठिकाणच्या टांकसाळी 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' हीच अक्षरं पाडत राहिल्या. त्यात व्यवहार होता, विश्वास होता आणि भक्तीही होती. सगळं एकाच पैशात. वेगळं काढून दाखवता येईल का?

अवांतर: गेलेल्या राजाला दगडात जपायची पद्धत आपल्याकडेही जुनी आहे. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन घराण्याच्या मूर्तींची रांग होती. मूर्ती गेल्या, वर कोरलेली नावं राहिली: सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी. आणि गावोगावचे वीरगळ आहेतच. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर शिवपूजा आणि सूर्यचंद्र.

---

मृद्गंध

वीरगळावरच्या अप्सरा आणि नाण्यावरचा गरुड, दोघांचं काम एकच की! माणसाला वर पोचवायचं. 🙂

---

टाकसाळ_२

@गोदातीर, शिवराईचा मुद्दा चांगला आहे, पण फरक सांगतो. शिवराईवर महाराज राजा म्हणूनच आहेत, छत्रपती म्हणून. 'आता हे देव झाले' असं ते नाणं म्हणत नाही. रोममध्ये सेनेटचा रीतसर ठराव लागायचा, त्यानंतर पुजारी नेमायचे, देऊळ उभं राहायचं. ठराव झाला नाही तर माणूस देव नाही. टायबेरियसचा झाला नाही, कॅलिगुलाचा झाला नाही, डोमिशियनचं तर नावच पुसून टाकायचा हुकूम निघाला.

हेड्रियनच्या वेळी सेनेट अडून बसली होती, कारण शेवटच्या काळात त्याने बरेच सेनेटर मारले होते. दत्तक मुलगा अँटोनायनस म्हणाला, ठराव होणार नसेल तर मीही तुमचा सम्राट नाही, कारण मग त्याने केलेली माझी दत्तकविधानाची नोंदही रद्द धरावी लागेल. ठराव झाला. 'दिवुस हेड्रियानुस' लिहिलेली नाणी आहेत, पण कमी मिळतात. त्या मुलाला 'पायस' म्हणजे कर्तव्यनिष्ठ हे नाव पडलं, त्याच्या कारणांत हेही एक सांगतात.

वीरगळ बघताना मात्र मलाही हीच नाणी आठवतात, ते कबूल.

---

लीड्सची_राधा

मी यॉर्कपासून जवळ राहते. सेप्टिमियस सेव्हेरस इथेच वारला, ४ फेब्रुवारी २११ ला. तेव्हा यॉर्कचं नाव एबोराकम. अस्थी रोमला नेल्या आणि मग जो सोहळा झाला त्याचं वर्णन हेरोडियन या इतिहासकाराने करून ठेवलंय. ते वाचल्यापासून या नाण्यांकडे बघायची माझी नजरच बदलली.

प्रत्यक्ष देहाचे अंत्यसंस्कार आधीच झालेले असतात. मग सम्राटाचा मेणाचा पुतळा करून हस्तिदंती पलंगावर निजवतात, चेहरा आजारी माणसासारखा फिकट. सात दिवस वैद्य येतात, पुतळ्याला तपासतात आणि रोज सांगतात की प्रकृती खालावते आहे. सातव्या दिवशी 'गेले' म्हणतात. मग तो पलंग मोकळ्या मैदानात, कांपुस मार्टियुसवर नेतात. तिथे लाकडांची मजल्यांवर मजले असलेली चिता, वर जाताना निमुळती, दीपगृहासारखी. बाहेरून सोनेरी कापडं, हस्तिदंती मूर्ती, चित्रं. नवा सम्राट आग लावतो आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरून गरुड सोडतात. तो आत्मा घेऊन वर जातो.

आता अँटोनायनस पायसच्या मरणानंतरचा, म्हणजे १६१ नंतरचा दिनार घ्या. मागे हीच चिता आहे! मजले मोजता येतात, माळा दिसतात, दारं दिसतात, टोकावर चार घोड्यांचा रथ. अठरा मिलिमीटरच्या चांदीत एवढं सगळं. माझ्याकडच्या नाण्यावर रथाचा एक घोडा घासून गेलाय, पण खालच्या मजल्यावरच्या माळेचे झोल भिंगातून अजून मोजता येतात. पिंपळपान, मी तुमच्या जागी असते तर चितेपासून सुरुवात केली असती.

---

आबा_सोलापूरकर

राधाताई, फार सुंदर लिहिलंत. सम्राट पर्टिनॅक्सच्या वेळचं त्यात जोडतो. १९३ साली सेव्हेरसनेच त्याचा सोहळा केला, आणि इतिहासकार डिओ सेनेटर म्हणून तिथे हजर होता. तो लिहितो की मेणाच्या पुतळ्याशेजारी एक देखणा पोरगा मोरपिसांनी माश्या वारत उभा होता, जणू राजा झोपलाय. हे वाचून मला गलबलून आलं होतं. पिंपळपान यांच्या निरोपाच्या मताला माझं एक मत म्हणूनच.

बाकी सम्राट व्हेस्पेशियनचं मरतानाचं वाक्य चरित्रकार सुएटोनियसने दिलंय, ते विसरू नका: 'अरेरे, मी देव व्हायला लागलोय वाटतं!' इ.स. ७९. पुढे टायटसने बापाच्या नावाने दिनार पाडले. दोन मकर पाठीला पाठ लावून ढाल उचलून धरतात, तो शोधा. फार महाग नाही आणि दिसायला झकास.

---

केतकी_७

सगळे पुरुषच? स्त्रियाही देव व्हायच्या ना?

---

मीनाक्षी_पुणे

व्हायच्या, आणि केतकी, तुझ्या प्रश्नात पिंपळपान यांचं उत्तर आहे.

'कॉन्सेक्रातिओ' हा शब्द नाण्यावर पहिल्यांदा आला तो एका बाईसाठी. ट्राजानची बहीण मार्सियाना ११२ मध्ये गेली, तिच्या नाण्यावर गरुड आणि हा शब्द. नंतर स्त्रियांसाठी मोर रूढ झाला, जुनो देवीचा पक्षी म्हणून.

पण खरी राणी म्हणजे थोरली फॉस्टिना, अँटोनायनस पायसची बायको. नवरा गादीवर आल्यावर दोन-अडीच वर्षांत, १४० मध्ये गेली. नवरा त्यानंतर वीस वर्षं जगला, पुन्हा लग्न केलं नाही, आणि तिच्या नावाची नाणी पाडत राहिला. 'दिवा फॉस्टिना'. मागे कधी एटर्निटास (अनंतकाळाची देवी), कधी सेरेस (धान्याची देवी), कधी व्हेस्टा (चुलीची देवी), कधी मोर, कधी तिचं देऊळ. इतकी पाडली की आजही दिनारांत सगळ्यात सहज मिळणाऱ्यांत ती आहेत. बल्गेरियात १९२९ मध्ये रेका देव्न्याला ८१ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यात तिचे दिनार भरपूर आहेत. तिच्या नावाने अनाथ मुलींसाठी निधी काढला होता, त्याचंही नाणं आहे, 'पुएल्ले फॉस्टिनियाने', म्हणजे फॉस्टिनाच्या मुली. ते मात्र दुर्मीळ.

दोन वर्षांपूर्वी रोमला गेले होते. फोरममध्ये, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकात, तिचं देऊळ अजून उभं आहे, आत आता चर्च आहे. पुढचे खांब मान वर करून बघावे लागतात. वर दोन ओळी कोरलेल्या. खालची तिच्यासाठी: दिवे फॉस्टिने, सेनेटच्या ठरावाने. वरची 'दिवो अँटोनिनो एत' (देव अँटोनायनस आणि) ही तो १६१ मध्ये गेल्यावर घातलेली. म्हणजे वीस वर्षं ते देऊळ तिच्या एकटीचं होतं, मग त्याचं नाव तिच्या नावाशेजारी आलं. उन्हात उभी राहून ती अक्षरं मी चारदा वाचली. टाकसाळ_२ म्हणतात त्याप्रमाणे वारसनोंद असेल, पण या माणसाला बायकोकडून कुठलाच वारसा मिळवायचा नव्हता. गादी हातात होती. मग हजारो नाणी कशासाठी?

---

टाकसाळ_२

मीनाक्षीताई, या एका उदाहरणापुरता मी माघार घेतो. घराण्याची प्रतिष्ठा वाढवणं हे कारण होतंच, मुलीचं, धाकट्या फॉस्टिनाचं, लग्न पुढच्या वारसाशी, मार्कस ऑरेलियसशी करायचं होतं. पण वीस वर्षं पाडायला तेवढं कारण पुरत नाही.

---

गोदातीर

याचसाठी हे संकेतस्थळ आवडतं.

---

पिंपळपान

सर्वांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. राधाताईंची चिता आणि मीनाक्षीताईंची फॉस्टिना, दोन्ही आता यादीत.

एक गोष्ट घडली ती सांगतो, नवीन लोकांना उपयोगी पडेल. माझ्या क्लॉडियसवर मस्त काळपट हिरवा थर होता. मी कामावर असताना काकूने देवघरातली भांडी घासायला काढली. हे नाणं कपाटावर वाटीत होतं. तिला वाटलं देवाचंच आहे, चिंच-मीठ लावून घासलं. संध्याकाळी आलो तर गुलाबी तांबं! गरुडाची पिसं गेली, मान राहिली. काकू इतकी कष्टी झाली की मीच तिची समजूत काढत बसलो. तिने जे केलं ते प्रेमानेच केलं. चूक माझी, वाटीत ठेवायला नको होतं.

आता यावर काही उपाय आहे का?

---

आबा_सोलापूरकर

उपाय नाही. थर पुन्हा चढायला काळच जावा लागतो. रासायनिक रंग चढवणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. ऊर्ध्वपातित पाण्यात दोनचार दिवस बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, म्हणजे चिंचेचा आणि मिठाचा अंश निघेल. मग पूर्ण वाळवा. मीठ राहिलं तर पावसाळ्यात फिकट हिरवी भुकटी उठेल. तो रोग एकदा लागला की नाणं आतून खातो.

साठवणीसाठी पीव्हीसीची मऊ पाकिटं अजिबात नकोत, चिकट हिरवा थर धरतात. कागदी पाकीट किंवा मायलारचं (कडक पारदर्शक प्लास्टिक), आणि डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल.

---

कोकणकडा

आबांशी सहमत. रत्नागिरीत राहतो, चार पावसाळे सिलिका जेलशिवाय काढले आणि तीन नाणी गमावली. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर गरम करून पुन्हा वापरा.

---

आबा_सोलापूरकर

खोट्या नाण्यांबद्दलही बोलायला हवं, कारण 'दिवुस' लिहिलेलं दिसलं की नवखा माणूस हुरळतो. मी स्वतः फसलोय. एका विक्रेत्याकडून पर्टिनॅक्सचा मरणोत्तर दिनार घेतला, 'दिवुस पर्ट पियुस पाटेर' लिहिलेला. ही नाणी खरंच दुर्मीळ, म्हणून किंमतही तशीच मोजली. घरी आल्यावर कड बघितली. कडेवरून एक बारीक रेघ गोल फिरत होती आणि ती कानशीने घासून लपवलेली. साच्यात ओतलेलं! खरं नाणं दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने मारलेलं असतं, त्याची कड थोडी फाटलेली, ताणलेली दिसते. वजन भरलं २.१ ग्रॅम, दिनाराला तीन ग्रॅमच्या आसपास हवं. अक्षरांच्या पोटात बारीक बुडबुडे होते, ते दुकानातल्या पिवळ्या दिव्यात दिसले नाहीत.

तेव्हापासून नियम: कडेचा फोटो मागायचा, वजन विचारायचं, आणि अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ओसीआरई या मोफत सूचीत प्रकार शोधून दुसऱ्या नाण्यांशी ताडून बघायचा. दोन नाण्यांवर एकच ओरखडा एकाच जागी दिसला तर दोन्ही एकाच साच्यातून आलेली.

---

वकीलसाहेब

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. विक्रीचा धंदा करायचा तर परवाना लागतो. बाहेरून मागवताना पावती, मूळ संग्रहाचा तपशील आणि कस्टम्सचे कागद जपून ठेवा. आणि आपल्या शेतात हंडा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही.

---

शब्दवेल्हाळ

अवांतर होईल, पण राहवत नाही. 'दिवुस' आणि आपला 'देव' हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. संस्कृतात 'दिवि' म्हणजे स्वर्गात. आणि आपण मेलेल्या माणसाला काय म्हणतो? दिवंगत! दिवाला गेलेला. पिंपळपान यांनी शीर्षकात 'मेल्यावर देव झालेले' लिहिलंय, त्यासाठी आपल्याकडे एका शब्दात सोय होतीच.

---

मृद्गंध

दंडवत _/\_

---

टाकसाळ_२

शब्दवेल्हाळ, तुमच्या या मुद्द्याला एक पुरावा जोडतो. हा शब्द दोन हजार वर्षांपूर्वी भारतात जहाजं भरभरून आला होता! दक्षिण भारतात सापडलेले बहुसंख्य रोमन दिनार ऑगस्टस आणि टायबेरियसचे आहेत. टायबेरियसच्या दिनारावर लिहिलंय 'ती सीझर दिवी ऑग फ ऑगस्टुस', म्हणजे देव झालेल्या ऑगस्टसचा मुलगा. ऑगस्टसच्या, दोन नातवंडं मागे असलेल्या दिनारावर 'दिवी फ' आहेच. मिरी घेताना मोजलेल्या अशा प्रत्येक नाण्यावर कोणाचा तरी बाप देव झालेला होता.

आपल्या लोकांनी ते वाचलं असेल असं नाही. पुदुक्कोट्टईला १८९८ मध्ये ५०१ सोन्याची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांच्या मस्तकावर छिन्नीचा आडवा घाव आहे. नंतरच्या काळातली काही सोन्याची नाणी मस्तकाच्या वर दोन भोकं पाडून गळ्यात घातलेली मिळतात. भोकं वर आहेत, चेहऱ्यावर नाहीत, म्हणजे घालणाऱ्याला चेहरा सरळ दिसायला हवा होता.

---

केतकी_७

घाव घालणारे आणि गळ्यात घालणारे, दोन्ही आपलेच. यावर वेगळा धागा काढा ना.

---

लीड्सची_राधा

मूळ प्रश्नाकडे येते. पिंपळपान, एक पूर्ण मालिकाच करायची असेल तर सम्राट डेशियसची करा. २४९ ते २५१ एवढाच काळ त्याला मिळाला, चहूबाजूंनी संकटं, आणि त्याने जुन्या देव झालेल्या अकरा सम्राटांची नाणी एकदम काढली. ऑगस्टस, व्हेस्पेशियन, टायटस, नर्व्हा, ट्राजान, हेड्रियन, अँटोनायनस पायस, मार्कस ऑरेलियस, कोमोडस, सेप्टिमियस सेव्हेरस, सेव्हेरस अलेक्झांडर. प्रत्येकाचे दोन प्रकार, मागे गरुड किंवा पेटती वेदी. बावीस नाणी झाली की संच पुरा.

त्यात कोण आहे आणि कोण नाही हे बघण्यासारखं आहे. सीझर नाही, पहिला क्लॉडियस नाही, पर्टिनॅक्स नाही. आणि कोमोडस आहे! त्याच्या खुनानंतर याच सेनेटने त्याचं नाव खोडलं होतं. पुढे सेव्हेरसने स्वतःला मार्कस ऑरेलियसचा मुलगा जाहीर केलं, म्हणजे कोमोडस त्याचा भाऊ झाला, आणि भाऊ म्हणून त्याला देव करून घेतला.

काही नाणी जुन्या दिनारांवरच पुन्हा ठसा मारून केलेली आहेत. खालच्या सम्राटाची दाढी किंवा अक्षरं वरच्याच्या गालातून डोकावतात.

---

गोदातीर

हे तर जोगळटेंभीसारखंच! १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात सापडलेल्या त्या ठेव्यात तेरा हजारांवर चांदीची नाणी होती, क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय. नहपानाचं नाक सातकर्णीच्या ठशातल्या चैत्याच्या खालून दिसतं. पिंपळपान, कधी नाशिकला आलात तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत चला, मी सोबत येतो. पुनर्मुद्रांकन समजून घ्यायला त्याहून चांगली जागा नाही.

---

मीनाक्षी_पुणे

आणि शेवट कुठे करायचा तेही सांगते. सम्राट कॉन्स्टंटाइन. २२ मे ३३७ ला गेला, बाप्तिस्मा घेऊन, म्हणजे ख्रिस्ती होऊन. तरी मुलांनी 'दिवुस' म्हणून नाणी पाडली. जेमतेम पंधरा मिलिमीटरचं तांब्याचं नाणं, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र ओढलेला चेहरा. मागे तो चार घोड्यांच्या रथातून वर चाललाय आणि आकाशातून एक हात त्याला घ्यायला खाली आलाय. गरुड नाही, वेदी नाही, कॉन्सेक्रातिओ शब्द नाही. हात कोणाचा ते लिहिलेलं नाही. ख्रिस्ती माणसाने आपल्या देवाचा म्हणावा, जुन्या धर्माच्या माणसाने आपल्या देवाचा.

माझ्याकडच्या नाण्यावर तो हात म्हणजे तीन बारीक रेघा आहेत. पण बोटं आहेत हे कळतं.

आणि हो, हे स्वस्त मिळतं. पुष्कळ पाडलेलं आहे.

---

टाकसाळ_२

मीनाक्षीताईंच्या कॉन्स्टंटाइनवरून आठवलं. त्याने ३१० पासून आपण क्लॉडियस गॉथिकसचे वंशज असल्याचं पुढे आणलं आणि ३१७-३१८ च्या सुमारास क्लॉडियसच्या नावाने पुन्हा 'दिवो' नाणी काढली. मरून जवळपास पन्नास वर्षं झालेल्या माणसाची! पिंपळपान, तुमच्या काकूने घासलेल्या त्या क्लॉडियसला दुसऱ्यांदा वारस मिळाला.

तिसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. गॉल (आजचं फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये लोकांनी स्वतःच तुमच्यासारख्या 'दिवो क्लाउदिओ'च्या नकला पाडल्या. कोणी सम्राट नाही, सेनेट नाही. सुट्ट्या पैशांची टंचाई होती म्हणून. अक्षरं न वाचता येणाऱ्या माणसाने कोरलेली, गरुडाची कोंबडी झालेली, वजन एक ग्रॅमवर आलेलं. गरुडाचा आणि वेदीचा अर्थ त्यांना माहीत असो नसो, बाजारात हेच नाणं चालतं एवढं त्यांना माहीत होतं. नकला वेगळ्या जमवणारे लोक आहेत आणि त्या फार प्रेमाने जमवण्यासारख्या आहेत.

---

पिंपळपान

तीन आठवड्यांनी परत येतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

ठरलं. डेशियसची मालिका आवाक्याबाहेर नाही पण मला तिचा ओढा वाटला नाही, एकाच दिवशी छापलेल्या यादीसारखी वाटते. मी जोड्या करणार आहे. प्रत्येक खणात दोन नाणी: देव झालेला आणि ज्याने त्याला देव म्हटलं तो. व्हेस्पेशियनशेजारी टायटस. पायसशेजारी मार्कस ऑरेलियस. कॉन्स्टंटाइनशेजारी त्याचा एखादा मुलगा. टाकसाळ_२, हे तुमच्यामुळे.

क्लॉडियसच्या शेजारी ऑरेलियन येईल आणि तिसरी जागा एका नकलेसाठी मोकळी ठेवलीय. घासलेलं नाणं बदलणार नाही. आबांनी सांगितल्याप्रमाणे चार दिवस पाण्यात ठेवलं, आता कागदी पाकिटात आहे. पाकिटावर काकूच्या अक्षरात लिहून घेतलंय: क्लॉडियस, २७०.

आणि पहिली खरेदी काल हातात आली. दिवा फॉस्टिना, मागे एटर्निटास. केसांच्या वेण्या डोक्यावर गोल गुंडाळून बांधलेल्या, एक-एक पेड वेगळा दिसतो. कानाजवळ एक बट सुटलीय. ती ठसे कोरणाऱ्याने मुद्दाम कोरलीय, ओरखडा नाही, भिंगाखाली दोनदा बघितलं. शेजारी अँटोनायनस पायस ठेवायचा आहे, तो जिवंत असतानाचा. मीनाक्षीताई, वीस वर्षांतल्या कुठल्या सालचा घेऊ?

---

मीनाक्षी_पुणे

शेवटच्या सालचा घ्या, १६०-१६१ चा. चेहरा थकलेला आहे त्यावर.

---

आबा_सोलापूरकर

अभिनंदन! वजन आणि कडेचा फोटो टाका.